आधी हात आणि डोळा, मग प्रमाणपत्र : जिल्हा जिम्नॅस्टिक्स संघटनांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील जिल्हा जिम्नॅस्टिक्स संघटनांचे पदाधिकारी आणि तांत्रिक समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

शनिवारी स्पर्धा असली की गुरुवारी-शुक्रवारी पंच वर्ग भरतो. पडद्यावर कोड ऑफ पॉइंट्सची, म्हणजे गुणांकनाच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकाची, पानं सरकतात, दुसऱ्या दिवशी दुपारी लेखी पेपर होतो आणि संध्याकाळी प्रमाणपत्र हातात पडतं. ज्या मुलीने गुरुवारी पहिल्यांदा कोड उघडला, ती शनिवारी सकाळी बीमच्या (अरुंद लांब दांड्यावरच्या कसरतींच्या) टेबलाशी बसून अकरा वर्षांच्या मुलीला गुण देते. बऱ्याच ठिकाणी हे असंच चालत आलं आहे. यात कुणाचा वाईट हेतू आहे असं आम्ही म्हणत नाही. पंच कमी असतात, हॉल दोन दिवसच मिळालेला असतो, मॅट दुसऱ्या क्लबकडून आणलेल्या असतात. पण या पद्धतीने पंच तयार होत नाहीत, फक्त यादी भरते.

आमचं मागणं थोडक्यात असं : पंच वर्ग स्पर्धेला चिकटवू नका, तो बारा रविवारांचा करा आणि प्रमाणपत्र लेखी पेपरवर न देता प्रत्यक्ष गुणांकनावर द्या. आम्ही मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सबद्दल लिहितो आहोत, कारण त्यातलं आम्हाला नीट माहीत आहे. ऱ्हिदमिक, अॅक्रोबॅटिक आणि मुलांच्या आर्टिस्टिकसाठी तपशील बदलतील, गरज तीच राहील.

एका पॉइंट वनने, म्हणजे ०.१० गुणाने, काय होतं हे पॅरिसमध्ये सगळ्यांनी पाहिलं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये फ्लोअरच्या (जमिनीवरच्या कसरतींच्या) अंतिम फेरीत अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सला आधी १३.६६६ मिळाले. एका उडीच्या काठिण्य-श्रेणीवर आक्षेप घेतल्यावर ते १३.७६६ झाले आणि १३.७०० वर असलेल्या रोमानियाच्या आना बार्बोसूच्या वर ती गेली. पुढे आक्षेप चार सेकंद उशिरा नोंदवला म्हणून क्रीडा लवादाने तो रद्द ठरवला आणि पदक बार्बोसूकडे गेलं. आपल्या दीपा कर्माकरचं रिओतलं कांस्य ०.१५० ने हुकलं होतं, १५.०६६ विरुद्ध १५.२१६. आपल्याकडे टीव्ही कॅमेरे नसतात, पण जिल्ह्यातून विभागाला आणि विभागातून राज्याला कोण जाणार, हे अशाच फरकाने ठरतं. त्यावर दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण अवलंबून असतात, पुढे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा रस्ता तिथूनच जातो. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत आपण दिलेला गुण त्या मुलीच्या घरी पुढची दहा वर्षं आठवला जातो.

आता पंच नेमकं काय करतो ते पाहू, म्हणजे दोन दिवसांत ते का जमत नाही हे कळेल. अंतिम गुण दोन भागांचे असतात. डी पॅनल काठिण्य मोजतं : सर्वांत अवघड आठ एलिमेंट्सची (उड्या, वळणं अशा सुट्या कसरतींची) किंमत (ए म्हणजे ०.१०, बी ०.२०, सी ०.३० असं चढत), बार्स (दोन उंचींच्या दांड्या), बीम आणि फ्लोअरवर प्रत्येकी ०.५० च्या चार रचना-अटी, म्हणजे कमाल २.००, आणि वर जोडण्यांचे बोनस. ई पॅनल १०.०० पासून खाली येतं. लहान चुकीला ०.१०, मध्यमला ०.३०, मोठीला ०.५०, पडलं तर १.००. वेळ ओलांडणं, रेषेबाहेर जाणं अशांच्या कपाती शेवटी वजा होतात. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. लेखी पेपरमध्ये हेच विचारलं जातं आणि म्हणूनच सगळे पास होतात.

खरी परीक्षा बीमवर असते. मुलगी फ्लिक-फ्लॅक (हातांवरून मागे घेतलेली उलटी उडी) मारते आणि लगेच लेआउट स्टेप-आउट (हात न टेकता, ताठ अंगाने मागे घेतलेली उलटी उडी). दोन सेकंदांत सगळं संपतं. या दोन सेकंदांत फ्लिकमध्ये गुडघे किंचित वाकले, ०.१०. लेआउटमध्ये कंबर थोडी मोडली, ०.१०. टेकताना ती डगमगली आणि तोल सावरायला हात मोठे फिरले, ०.३०. सरावलेल्या पंचाच्या कागदावर या दोन उड्यांच्या चिन्हांखाली ‘१ १ ३’ असं उमटतं. दोन दिवसांच्या वर्गातून आलेला पंच फक्त ‘३’ लिहितो, कारण डगमगणं प्रेक्षकांनाही दिसतं. प्रत्येक ठिकाणी असं पॉइंट वन किंवा पॉइंट टू राहून गेलं की दीड मिनिटाच्या सेटमध्ये (सलग सादर केलेल्या कसरतीत) एक ते दीड गुण सहज गळतात. मग जिचे गुडघे सरळ होते तिला ८.४ आणि जिचे प्रत्येक वेळी वाकत होते तिलाही ८.३. ज्या कोचने दोन वर्षं पायाचे पंजे आणि गुडघे यांवर घालवली, त्याच्या मेहनतीला स्पर्धेत किंमत उरत नाही. पुढच्या वर्षी तोही अर्धवट शिकवलेल्या अवघड उड्या सेटमध्ये घालतो. लहान मुलींना दुखापती होण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्याचं मूळ पंचांच्या टेबलावर आहे.

जिल्हा पातळीवर हे आणखी जड जातं. ई पॅनलला चार पंच असले तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण काढून मधल्या दोघांची सरासरी धरतात. ७.९, ८.१, ८.२, ८.९ आले तर गुण ८.१५, म्हणजे ८.९ देणारा आपोआप बाजूला होतो. आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच पंच मिळतात. मग ८.१ आणि ८.९ चे ८.५० होतात आणि चुकलेल्या पंचाच्या हातात निम्मा निकाल जातो. मोठ्या स्पर्धेत पंचाची चूक झाकली जाते, छोट्या स्पर्धेत ती मुलीच्या माथी बसते. सर्वांत कच्चे पंच आपण नेमके तिथेच बसवतो.

नवा पंच कुठे चुकतो हे आता ठरावीक झालं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली अडचण डोळे कागदाकडे जाण्याची. चिन्ह आठवेना म्हणून नजर खाली गेली की तेवढ्यात लँडिंग होऊन जातं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चिन्हलिपीत प्रत्येक एलिमेंटला एक खूण आहे, ती मुंबईत आणि टोकियोत सारखीच. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलीला ही लिपी वरदान आहे, पण ती सहीसारखी हातात बसली पाहिजे. पाहून लिहायची नाही. सराव असा : ए-फोर कागद आडवा धरायचा, डावीकडे चेस्ट नंबर, वरच्या ओळीत चिन्हं, त्यांच्याखाली कपातीचे आकडे, उजवीकडे कलात्मकतेसाठी वेगळा चौकोन. व्हिडिओ लावायचा आणि सेट संपेपर्यंत मान खाली घालायची नाही. पहिले दोन आठवडे ओळी एकमेकींवर चढतील, चढू द्या. साधं बॉलपेन वापरा. पेन्सिलीचं टोक नेमकं शेवटच्या डायगोनलला (फ्लोअरच्या कोपऱ्यातून कोपऱ्याकडच्या उड्यांना) तुटतं, आणि खोडरबर हातात असलेला पंच मागचं खोडत बसतो आणि पुढचं पाहायचं राहतं. चुकलं तर काट मारून पुढे जायचं.

दुसरी अडचण कोनांची. स्प्लिट लीप (हवेत एक पाय पुढे, एक मागे ताणून मारलेली उडी) १८० अंशांच्या किती अलीकडे राहिली यावर कपात ठरते : वीस अंशांपर्यंत कमी पडली तर ०.१०, वीस ते पंचेचाळीसपर्यंत ०.३०. बार्सवरचा हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) उभ्या रेषेपासून दहा अंशांच्या आत असेल तर कपात नाही, त्यापलीकडे ती सुरू होते. दहा अंश म्हणजे किती हे वर्गात तोंडाने सांगून कुणाच्याही डोळ्यात बसत नाही. यावर स्वस्त उपाय आहे. टीव्हीच्या पडद्यासमोर गवंड्याचा ओळंबा किंवा दोऱ्याला बांधलेला नट टांगा. व्हिडिओ पूर्ण वेगाने चालवा, प्रत्येकाला अंदाज लिहायला लावा, मग फ्रेम थांबवून कोनमापकाने मोजा. अंदाज आधी आणि मोजमाप नंतर, हा क्रम मोडायचा नाही. एका बैठकीत तीस हँडस्टँड आणि तीस लीप झाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी डोळा जागेवर येऊ लागतो. हे व्हिडिओ पंचाच्या खुर्चीवरून, स्टँडला मोबाइल लावून, बाजूने घेतलेले हवेत. पालकांनी गॅलरीतून घेतलेल्या तिरक्या व्हिडिओत सगळे हँडस्टँड चुकीचे दिसतात. त्याच कारणाने स्पर्धेच्या दिवशी बार्सच्या पंचांची खुर्ची कोपऱ्यात ढकलू नका. हॉलमध्ये जागा नसेल तर आधी प्रमुख पाहुण्यांचा सोफा हलवा.

तिसरी चूक मधल्या गुणाला चिकटण्याची. कपाती मोजल्याच नाहीत की पंच आठच्या आसपास काहीतरी लिहितो, कारण आठ दिल्यावर कुणी जाब विचारत नाही. अशा पंचाच्या दिवसभराच्या कागदावर सगळे गुण ७.८ ते ८.४ मध्येच दाटलेले दिसतात. तांत्रिक समितीने प्रत्येक स्पर्धेनंतर हे कागद गोळा करून पाहावेत. कपातीचे आकडे नाहीत आणि गुण आहे, असा कागद दिसला की त्या पंचाला सरावाला परत बसवावं. एवढी एक सवय लावली तरी निम्मं काम होईल.

चौथा गोंधळ डी आणि ई मिसळण्याचा. वळण पूर्ण झालं नाही म्हणून डी पॅनलने खालची श्रेणी दिली किंवा श्रेणीच दिली नाही, तरी त्या वळणातला वाकलेला गुडघा ई पंचाने कापायचाच असतो. उलट, श्रेणी न मिळाल्याची शिक्षा ई पंचाने आपल्या मनाने जोडायची नसते. साल्टोमध्ये (हवेतल्या कोलांटीत) पाय आधी टेकलेच नाहीत तर श्रेणी जाते आणि पडल्याचा पूर्ण गुणही जातो. मुलीला दोन्हीकडून बसतं, ते नियमाप्रमाणेच आहे. पंचाला दया आली म्हणून त्यातलं एक सोडायचं नाही, कारण मागच्या फेरीतल्या मुलीला ती दया मिळालेली नसते. आक्षेप फक्त डी गुणावर घेता येतो, ई गुणावर नाही, हे प्रत्येक कोचला आणि जमलं तर पालकांनाही स्पर्धेआधी सांगा. टेबलाभोवतीची निम्मी वादावादी तिथेच संपते.

आता बारा रविवार कसे घालायचे ते. सुरुवात व्हॉल्टने करा. टेबलावर हात टेकून मारलेली एकच उडी, चार टप्पे : पहिली झेप, टेबलावरचा धक्का, दुसरी झेप, लँडिंग. काठिण्याची किंमत आधीच ठरलेली असते, त्यामुळे नव्या पंचाला फक्त अंमलबजावणी पाहायची असते. दोन रविवार व्हॉल्ट, मग तीन बार्स, मग चार बीम. बीमला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण तिथे चुकाही सर्वांत जास्त आणि बारीक असतात. उरलेल्या तीनपैकी दोन फ्लोअरला आणि शेवटचा सगळ्यांची सरमिसळ करून. प्रत्येक बैठकीत दहा सेट, पूर्ण वेगाने, एकदाच. थांबवणं, मागे नेणं नाही, कारण स्पर्धेत ते नसतं. त्या दहा सेटना तीन अनुभवी पंचांनी आधीच एकत्र बसून गुण, म्हणजे कंट्रोल गुण, ठरवलेले असावेत. नव्या पंचाचा ई गुण त्या गुणापासून दहापैकी आठ वेळा ०.३० च्या आत आला तर तो पुढे सरकला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दहा मुलींचा क्रम बरोबर लागला का ते पाहा. सगळ्यांना सारखंच ०.४० जास्त देणारा पंच सुधारता येतो. पहिलीला तिसरी आणि तिसरीला पहिली करणाऱ्याला खुर्चीवर बसवायचंच नाही.

दरम्यान या सगळ्यांना स्पर्धेच्या दिवशी घड्याळ आणि रेषा सांभाळायला द्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींनाही हे काम देता येतं आणि त्यातून शिस्त येते. बीमचं घड्याळ मुलीचे पाय बोर्डवरून किंवा मॅटवरून सुटले की सुरू होतं, कमाल दीड मिनिट, ऐंशी सेकंदांना इशारा. पडल्यावर परत चढायला बीमवर दहा सेकंद आणि बार्सवर तीस, तेही मुलगी पायांवर उभी राहिल्यापासून मोजायचे, पडल्यापासून नाही. ही बारीकशी गोष्ट चुकल्याने रडत उभ्या असलेल्या मुलीचे दोन सेकंद कापले जातात. फ्लोअरवर एक पाय रेषेबाहेर गेला तर ०.१०, दोन्ही गेले तर ०.३०. रेषापंचाने झेंडा वर करायचा आणि डी पॅनलला लेखी कळवायचं, नुसतं मान हलवून नाही.

मोजपट्टी हा पंचाच्या पिशवीतला आणखी एक गरजेचा भाग. सिडनीत २००० मध्ये मुलींच्या ऑल-अराउंड फायनलमध्ये व्हॉल्टच्या टेबलाची उंची १२५ ऐवजी १२० सेंटिमीटर लावली गेली होती. ऑलिंपिकमध्ये, आणि निम्म्या मुली उड्या मारून गेल्यावर एका ऑस्ट्रेलियन मुलीच्या ते लक्षात आलं. आपल्याकडे साधनं सकाळी घाईत लावली जातात. पंचांच्या बैठकीनंतर पाच मिनिटं काढून व्हॉल्ट आणि बीमची उंची मोजा, मॅटमधल्या फटी पाहा. कुणी राउंड-ऑफ घेऊन (हात टेकून, अंग वळवत बोर्डवर येऊन) व्हॉल्ट करणार असेल तर स्प्रिंगबोर्डभोवती सेफ्टी कॉलर, म्हणजे संरक्षक गादी, आहे ना ते बघा. कॉलर नसताना तो व्हॉल्ट केला तर गुण शून्य, हा नियम मुलीची मान वाचवण्यासाठी आहे. लहान वयोगटांना ठरवून दिलेले सेट असतील तर कोडआधी त्या स्पर्धेचं परिपत्रक लागू होतं, हेही बैठकीतच मोठ्याने वाचून घ्या.

बारा रविवारांनंतर दोन स्पर्धा सावलीतल्या. म्हणजे नवा पंच पॅनलच्या मागच्या खुर्चीवर बसेल, प्रत्येक सेट लिहील, आणि फलकावर गुण लागायच्या आत त्याचा कागद गोळा होईल. गोळा करायला उशीर झाला की फलक पाहून आकडे दुरुस्त होतात, हा मनुष्यस्वभाव आहे. हे पार पडल्यावर परीक्षा : लेखी, डी आणि ई. तिन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागेल, एकातले गुण दुसऱ्याला पुरवायचे नाहीत. प्रमाणपत्रावर मुदत छापा. सध्याचं कोड २०२५ ते २०२८ या चक्राचं आहे. दर चक्राला आंतरराष्ट्रीय पंचांनाही पुन्हा परीक्षा द्यावी लागते, मग जिल्ह्याचं प्रमाणपत्र तहहयात कसं चालेल?

पंच कुठून आणायचे हा प्रश्न तुम्ही विचाराल. ते तुमच्या हॉलमध्येच होते, आपण त्यांना जाऊ दिलं. दहावी झाली की खेळ सोडणाऱ्या मुली दर वर्षी प्रत्येक क्लबमध्ये असतात. किप (झोका घेऊन बारवर चढणं) कुठे अडतो, लीपमध्ये मागचा पाय का खाली राहतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. त्या शेवटच्या स्पर्धेनंतर घरी जातात आणि आपण त्यांना परत फोन करत नाही. एक मात्र जपा : माजी खेळाडू स्वतः जी चूक करायची ती चूक ती माफ करते. सरावात कंट्रोल गुणाशी तुलना केली की कोणती चूक कुणाला दिसत नाही ते चार आठवड्यांत कळतं, आणि एकदा दाखवून दिलं की ते सुटतं. शाळेतले क्रीडाशिक्षक आणि काही पालकही चांगले पंच होतात. त्यांना चिन्हलिपीला दुप्पट वेळ लागतो, तेवढा द्या.

या मुलींना पुढचा रस्ता दिसला पाहिजे. जिल्हा, राज्य, मग भारतीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची राष्ट्रीय परीक्षा, त्यानंतर आंतरराष्ट्रीय ब्रेव्हे, म्हणजे पंचाचा परवाना, ज्यात चौथ्या श्रेणीपासून पहिल्यापर्यंत चढायचं असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये दीपक काब्रा पंच म्हणून बसले, जिम्नॅस्टिक्समध्ये तिथवर पोचलेले ते पहिले भारतीय. त्यांचं नाव पंच वर्गात एकदा तरी घेतलं जावं.

दोन गोष्टी संघटनेनेच करायच्या आहेत, पंचाला त्या करता येत नाहीत. एक, कोच ज्या गटात स्वतःच्या मुली उतरवतो त्या गटाच्या टेबलावर त्याला बसवू नका. छोट्या जिल्ह्यात पर्याय नसेल तर शेजारच्या जिल्ह्याशी अदलाबदल करा, एसटीचं भाडं आणि जेवण एवढाच खर्च येतो. दोन, पंचाला सकाळी आठ ते संध्याकाळी सात सलग बसवू नका. चौथ्या तासानंतर वाकलेले गुडघे दिसेनासे होतात, मग शेवटच्या गटातल्या मुलींना जास्त गुण पडतात आणि सकाळच्या मुली विनाकारण मागे राहतात. प्रत्येक गटानंतर पंधरा मिनिटं, चहा टेबलावर न आणता बाहेर, आणि शक्य तिथे दुपारी पॅनल बदला. मानधन किती द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण ते त्याच दिवशी द्या.

आम्ही दोन कामं आमच्याकडून करून देतो. कपातींचा मराठी तक्ता, बीम आणि फ्लोअरच्या कलात्मकतेसह, दोन पानांत बसेल असा आम्ही तयार करतो आहोत. शब्द कोचच्या तोंडचे असतील, वादाच्या वेळी मात्र कोडचा मूळ मजकूरच धरायचा. आणि पहिल्या बारा रविवारांसाठी चारही साधनांवरचे सेट खुर्चीच्या उंचीवरून चित्रित करून, त्यांचे कंट्रोल गुण ठरवून देऊ. चित्रीकरणासाठी पालकांची लेखी संमती आणि क्लबची परवानगी तुमच्यामार्फत लागेल. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू व्हायच्या तीन महिने आधी एका जिल्ह्याने जरी हॉल, टीव्ही आणि रविवारची सकाळ दिली तरी आम्ही सुरुवात करायला तयार आहोत. ओळंबा आमचा आम्ही आणू.

आपले,
मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समधील काही पंच आणि प्रशिक्षक